विहीणबाईंचं गाणं
संक्रांतीला तीळ भाजायला घेतले, की त्या खमंग वासानं मला माजलगावच्या घरातलं ते हळदीकुंकू आठवतं. थोरल्या जाऊबाईंचा मुलगा जपानात नोकरीला होता. त्यानं तिकडचीच बायको केली आणि त्या वर्षी सासूलाही सोबत घेऊन आला. जाऊबाई विधवा, म्हणून स्वतःच्याच घरात त्या तिळगुळाचं ताट धरून स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या, आणि त्यांच्या विहिणीला कुंकू मी लावलं. मग बायकांनी पाहुणीला गाण्याचा आग्रह केला. सुनेनं मोबाईलवर नुसतं संगीत लावलं आणि आईच्या हातात कराओकेचा माईक दिला. पन्नाशीची ती बाई डोळे मिटून आपल्या तरुणपणीचं गाणं म्हणू लागली. शब्द कुणालाच कळत नव्हते, पण एका ओळीवर तिनं माईक खाली घेतला आणि संगीत एकटंच पुढे वाजत राहिलं. सून मोडक्यातोडक्या मराठीत म्हणाली, "बाबांचं आवडतं गाणं. बाबा तीन वर्षांपूर्वी गेले." सगळ्यांच्या नजरा पाहुणीच्या कपाळाकडे गेल्या, मग माझ्याकडे. "ऱ्हाऊ द्या, पुसू नका," जाऊबाई दारातूनच म्हणाल्या, "लई शोभायलंय त्यांना." कुणी पुसलं नाही. आमच्याकडच्या बायका अजून ते कौतुकानं सांगतात, आणि मीही मान डोलावते. पण कुंकवाचा करंडा तेव्हा माझ्याच हातात होता, आणि जाऊबाई उभ्या होत्या ते दार चार पावलांवर होतं.