अप्पांसाठी आणलेला टीकप

आता माझा हा मूर्खपणा कुठल्या तोंडानं सांगू? चहा घ्या, पण बिस्किटं आधी खाऊन टाका. नंतर घशाखाली उतरायची नाहीत.

गेल्या वर्षी आमच्या वडिलांना, अप्पांना, अर्धांगवायू झाला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. हुबळीजवळच्या मळमड्डीतल्या घरात दिवसभर पलंगावर पडून असायचे. समोर काचेची टाकी आणि त्यात त्यांनी स्वतः वाढवलेले आठ गोल्डफिश. घरात हलणारं तेवढंच!

मला वाटलं, अप्पांना काहीतरी वेगळं दाखवावं. गेलो हुबळीच्या दुकानात आणि म्हटलं, "गोड्या पाण्यातला स्टिंगरे पाहिजे." म्हणजे तो थाळीसारखा चपटा मासा, शेपटीत काटा असलेला.

"सर, हा ठिपकेवाला खूप मोठा होतो. काळा त्याहून मोठा. टाकी केवढी आहे?"

"तीन फूट."

"मग नकोच."

पण माझं लक्ष कोपऱ्यात. इवलासा स्टिंगरे, वर पाटी: टीकप!

"हा कपाएवढाच असतो ना?"

"आत्ता तरी आहे, सर."

ते 'आत्ता तरी' ऐकायला मी थांबलो असेन तर शपथ!

टाकीत सोडला. अप्पांनी डोळे विस्फारले, ओठ हलले. "बा… बाळ!"

सहा महिन्यांनी पहिला शब्द! माझी बहीण, अक्का, ढसाढसा रडली. मी म्हटलं, "बघ, नावसुद्धा ठेवलं!" सगळ्या नातेवाइकांना फोन केले.

पुढच्या आठवड्यात अप्पा कानडीत सुरू झाले. "दोड्ड! दोड्ड!" दोड्ड म्हणजे मोठं.

"अक्का, बाळाला मोठा घास द्या म्हणतायत!"

मी कोळंबी दुप्पट केली. अप्पा डाव्या हातानं पलंग बडवायला लागले. मी आणखी घातली.

बाळ ताटाएवढं झालं. गोल्डफिश एकेक करून नाहीसे झाले. अप्पा पडल्या पडल्या बघत होते, आणि मी त्यांचे डोळे पुसत विचारत होतो, "आनंद झाला ना, अप्पा?"

शेवटी त्या स्टिंगरेला टाकीत वळताही येईना. पाणी नासलं. एका सकाळी बघतो तर उताणा पडलेला. दुकानदाराला फोन लावला.

"सर, टीकप ही काही जात नव्हे. ते मोठ्या जातीचं पिल्लू होतं."

म्हणजे अप्पा पहिल्या दिवसापासून तेच सांगत होते हो! बाळ आहे, मोठं होणार!

रिकाम्या टाकीकडे बघवेना. पलंगाशी बसलो. "अप्पा, चुकलो."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, सगळा जीव ओठांत आणला आणि खणखणीत म्हणाले, "गाढव!"

बोलण्याचे व्यायाम घेणाऱ्या बाई तर हरखल्याच. "किती स्पष्ट! हाच शब्द रोज वीस वेळा म्हणून घ्या. समोर बघून म्हणाले तर आणखी बरं."

तेव्हापासून रोज सकाळी आंघोळ उरकून मी अप्पांसमोर उभा राहतो. प्रगती छान आहे म्हणतात.