पत्र्यावरचा नंबर

"पूजा झाली, नारळ फुटला, अन् आता विमान माघारी द्या म्हणता?" काकासाहेबांचा आवाज चढला होता.

काकासाहेब आमच्या फ्लाइंग स्कूलचे मालक. घराणं शेतकऱ्याचं, बंगला शहरात, गारखेड्यात. त्यांनी एजंटमार्फत परदेशातून जुनं चार सीटचं विमान आणलं होतं. मी तिथला मेंटेनन्स इंजिनिअर. माझ्या सहीशिवाय ते उडणार नव्हतं. आणि ते सर्वांत आधी उडवणार होती त्यांची पायलट लेक प्राजक्ता.

गाडीला नंबर प्लेट असते तशी विमानाच्या अंगावर अक्षरं असतात. देश बदलला की तीही बदलतात. भारतात आल्यावर जुनी खरवडायची आणि 'व्हीटी'ने सुरू होणारी नवी रंगवायची. काकासाहेबांनी ज्योतिष्याला विचारून अक्षरं मागितली आणि ती मिळालीसुद्धा. त्या आनंदात आधी पूजा उरकली, तपासणी राहिली. आमच्याकडे ही घाई नेहमीचीच.

कारखान्यात दिलेला सीरियल नंबर मात्र कधी बदलत नाही. शेपटीजवळच्या छोट्या पत्र्यावर तो कोरलेला असतो. मी तो नेटवर शोधला. या विमानाने याआधी दोन देशांत दोन वेगळी नावं, म्हणजे अक्षरं, लावली होती. दुसऱ्या नावावर अपघाताचा सरकारी अहवाल सापडला. पुढचं चाक मोडून विमान नाकावर आपटलं होतं. एजंटने याबद्दल चकार शब्द काढला नव्हता.

मग मी फायरवॉल, म्हणजे इंजिनमागची भिंत, तपासली. पुढच्या चाकाचा भार तिच्यावर येतो. वाकलेला पत्रा ठोकून सरळ केला होता आणि वर ताजा रंग.

"दुरुस्त केलंय ना पण?" हे सगळं ऐकून काकासाहेब म्हणाले.

"नीट केलं असतं तर लपवलं कशाला असतं?"

"लोकायला काय सांगू? लई हसं व्हईल माझं."

प्राजक्ता पुढे आली. "बाबा, तुम्ही बसता का माझ्या शेजारी? मग उडवते."

काकासाहेबांनी त्या ठोकलेल्या पत्र्यावरून बोट फिरवलं. "पाठवून द्या," म्हणाले.

एजंटने कुरकुरत विमान परत नेलं. काही महिन्यांनी मी सहज तोच सीरियल नंबर शोधला. आणखी वेगळाच देश, नवी अक्षरं, नवा मालक. मला अन्नच गोड लागेना. काकासाहेबांना सांगितलं.

"फोन लावा त्याला," ते म्हणाले. "त्यालाबी लेक असंल."

फोन लागला. पलीकडच्या माणसाला आधी पटेना. मी एवढंच म्हणालो, "माझ्यावर विश्वास ठेवू नका. फायरवॉलवरचा रंग खरवडून बघा."