शिबिरात झोपलेली मुलगी

वीरबाला पथक, म्हणजे मुलींचं स्काउट, माझ्या गळ्यात पडलं ते मी शाळेत सगळ्यांत नवी आणि बिनलग्नाची होते म्हणून. साठच्या दशकातली गोष्ट. खारच्या आमच्या शाळेतल्या मोठ्या बाई म्हणाल्या, "तुम्हाला काय, घरी जाऊन कुणाचं करायचंय?" अंधेरीला आमच्या घरी सात माणसं, आई दम्याने बेजार आणि दोन्ही वेळचा स्वयंपाक माझ्या अंगावर. पण मोठ्या बाईंपुढे तोंड उघडायची सोय नव्हती. निळी साडी नेसून, गळ्यात शिट्टी अडकवून मी दर शनिवारी दुपारी मैदानावर उभी राहू लागले. नुसतं उभं राहणंही जिवावर यायचं.

वीरबालेने रोज एक तरी सत्कृत्य करायचं, असा नियम. शनिवारी मुली गोल करून बसायच्या आणि आठवड्याची सत्कृत्यं सांगायच्या. कुणी आजीला सुईत दोरा ओवून दिलेला असायचा, कुणी शेजारच्या काकूंची बादली जिन्यावरून वर नेलेली. टाळ्या पडायच्या. खारदांड्याच्या कोळीवाड्यातून येणारी एक मुलगी मात्र दर वेळी मान खाली घालून म्हणायची, "काय नाय, बाई."

मला तिचा रागच यायचा. एकदा तिला बाजूला घेऊन विचारलं, "अगं, आठवडाभरात काहीच कसं केलं नाहीस?"

तिने खूप आठवून पाहिलं. "पानी भरलं, जेवन केलं, भावांना न्हाऊ घातलं, बोंबील वालत घातले. पन ते काम ना, बाई." आणि तोंडावर हात ठेवून तिने एक लांब जांभई दिली. मला रडूच फुटायचं बाकी होतं. तीच जांभई मी सकाळपासून गिळत होते.

नाताळच्या सुट्टीत बोरिवलीला एका रात्रीचं शिबिर ठरलं. इतर शाळांची पथकंही येणार होती. सकाळी तंबूंची तपासणी व्हायची आणि सगळ्यांत नीटनेटक्या पथकाला ढाल मिळायची. त्या शनिवारी घरी जाताना ती मुलगी माझ्याजवळ घुटमळली. "मला न्याल ना, बाई? आय नको बोलेल." तिने काही मागितल्याचं मी पहिल्यांदाच पाहत होते. अंगात त्राण नव्हतं, तरी सोमवारी शाळा सुटल्यावर पाय ओढत खारदांड्याला गेले.

तिची आई नुकतीच बाजारातून आली होती, दारात रिकामी पाटी धूत होती.

"तितं काय करनार ती?" तिने विचारलं.

मी पाठ केलेलं सांगितलं. चूल पेटवणं, पाणी आणणं, रांधणं, भांडी घासणं.

ती मोठ्याने हसली. "मंग माजं घर काय वाईट हाय, बाई?" मग हसू आवरून, पाटी भिंतीला टेकवत म्हणाली, "कालोखात बंदरावर जाताना मीच हिला उठवते. पोर झोपेत रडते. माजा जीव तुटतो, पन उठवते. एक दिस तिला पोटभर झोपू देशील? देशील तर ने. घरचं काम माजी बहीन बघेल."

"देते," मी म्हणाले.

शिबिरात सकाळी शिट्टी वाजली. मुली धडपडत उठल्या. ही हलली नाही.

"बाई, तिला उठवू? अंथरुणं गुंडाळायची आहेत."

"राहू दे."

"पण बाई, आपली ढाल जाईल ना!"

"राहू दे म्हटलं ना!" मी खेकसले. बिचाऱ्यांनी आदल्या संध्याकाळी तंबूभोवती दगडांना चुना फासला होता. त्यांचे उतरलेले चेहरे मला दिसत होते, पण समजूत काढायचीही ताकद नव्हती.

तपासणीच्या बाई आल्या, कडक इस्त्रीच्या. त्यांनी तंबूचा पडदा उचलला. "हे काय? आजारी आहे का?"

हो म्हणाले असते तर निभावलं असतं. "नाही," मी म्हणाले. "झोपली आहे. तिच्या आईला मी तसा शब्द दिलाय."

त्यांनी हातातल्या कागदावर काहीतरी खरडलं आणि पुढच्या तंबूकडे वळल्या. ढाल गेली. मुली माझ्याशी बोलेनाशा झाल्या. मी तंबूच्या तोंडाशी बसून राहिले, कुणी आत जाऊ नये म्हणून.

उन्हं चांगली वर आल्यावर ती दचकून उठली. डोळे धड उघडले नव्हते, पण हात शेजारी हंडा चाचपत होते. मग मी दिसले.

"बाई, मला कुनी हाक नाय मारली?"

"नाही."

"सगल्या उठल्या?"

"केव्हाच. तू नीज."

तिने बाहेरच्या उन्हाकडे पाहिलं, परत माझ्याकडे पाहिलं आणि हळूच आडवी झाली. झोप पुरी झाली होती. चादर गळ्यापर्यंत ओढून, डोळे टक्क उघडे ठेवून ती तशीच पडून राहिली.