स्टड तुटल्याचा आवाज

गॅरेजमधले किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही. ते कोपऱ्यातल्या तेलकट चिंध्यांसारखे आपोआप साचतात. एखाद्या दिवशी वरची एक चिंधी ओढली की सगळा ढीग बाहेर! परवा चहाला बसलो असताना एका मित्राने विचारलं, "इतकी वर्षं इंजिनं खोललीस, सगळ्यात जास्त कशाला भ्यालास?"

मी विचार न करता म्हणालो, "एक्झॉस्टच्या स्टडला!"

सगळे हसले. ज्यांनी तो कधी तोडला नाही, ते हसणारच.

मोटारसायकलच्या इंजिनातून जळका धूर बाहेर नेणारा पाइप, म्हणजे एक्झॉस्ट, दोन स्टडांवर घट्ट बसवलेला असतो. स्टड म्हणजे करंगळीएवढा आटेदार लोखंडी दांडा. अर्धा इंजिनाच्या हेडमध्ये, म्हणजे वरच्या भागात, रुतलेला, अर्धा बाहेर, आणि बाहेरच्या टोकावर नट. रोज तापून आणि पाण्यात भिजून तो गंजतो. मग नट खोलायला जावं, तर नटाबरोबर दांडाच पिळतो. टिक्! अर्धा तुकडा पान्यात, अर्धा हेडमध्ये.

तो आतला अर्धा काढताना हेडला तडा गेला की खेळ खलास. दुसऱ्या महायुद्धाचे दिवस होते. नवं हेड मागवलं तर मुंबईहून उत्तर यायचं, "जहाज आलं की कळवू." आमच्या हेडचं जहाज काही कधी आलं नाही.

आमचं गॅरेज अमरावतीला, कापूस बाजाराकडे जाणाऱ्या रस्त्यावर. आम्ही तिघं. उस्ताद शेषराव, गॅसने जोडकाम करणारा पुंडलिक आणि मी. शेषराव माळ्याच्या घरचे. भाऊ संत्र्याची बाग बघायचे, भाजी विकायचे. हे मात्र मातीऐवजी ग्रीसमध्ये रमले. उंच, दणकट माणूस. गॅरेजमध्ये साप निघाला तर पक्कडीने धरून बाहेर सोडून येणारा! पण एक्झॉस्टच्या नटाला पाना लावला की हात थरथरायचा.

*

तो नट खोलताना गॅरेजमध्ये कुणी बोलायचं नाही असा नियम होता. शेषराव कान हेडजवळ नेत, डोळे मिटत आणि पाना केसभर केसभर फिरवत.

एकदा असेच डोळे मिटून वाकले असताना आवाज आला, कट्!

शेषरावांनी पाना सोडला आणि खाली बसले. चेहरा पांढराफटक. "गेला!" एवढंच म्हणाले.

मी वाकून पाहिलं. स्टड जागच्या जागी. मागे वळलो, तर पुंडलिक दारात बसून भुईमुगाच्या शेंगा फोडत होता!

शेषरावांना पाणी पाजलं. जरा वेळाने तोंडातून शब्द निघाला, "पुंडलिक, तुले खायाचंच असन, तं केळ खात जाय!"

*

एका वकीलसाहेबांची गाडी आली. स्टड आधीच तुटलेला, तोही हेडच्या बरोबर तोंडाशी. धरायला जागाच नाही. अशा वेळी एकच इलाज. तुकड्याच्या बरोबर मधोमध ड्रिलने भोक पाडायचं आणि आतून उलटा पिळून काढायचा. ड्रिल जरा तिरकं गेलं की हेडचे आटे गेले.

हातड्रिल मी फिरवत होतो. वकीलसाहेब माझ्या मानेवर श्वास सोडत उभे. "मधोमध आहे ना? नक्की ना?" मी घामाघूम. शेवटी शेषराव म्हणाले, "साहेब, तुमी कोर्टात बोलून राहता तवा आमी मधात बोलतो का?"

ते गप्प झाले. तेवढ्यात ड्रिल कच्चकन अडकलं. मला वाटलं, ड्रिलही आतच मोडलं! हळूच उलटं फिरवलं, तर तुकडा ड्रिलला चावून आपोआप बाहेर येऊ लागला. पूर्ण आटा न् आटा!

"निघाला!" मी ओरडलो.

मागून धप्प आवाज आला. स्टड निघाला होता, वकीलसाहेब पडले होते.

*

हा किस्सा हसण्याचा नाही. पुंडलिक ब्लोलँपने स्टड तापवत होता. लोखंड तापलं की गंज सुटतो, म्हणून ज्योत जवळ नेलेली. पेट्रोलची टाकी आम्ही उतरवून भिंतीशी ठेवली होती. पण टाकीचा कॉक, म्हणजे तोटी, झिरपत होता, ते कुणाला दिसलं नाही. पेट्रोलचा एक बारीक ओघळ जमिनीच्या उतारावरून सरपटत पुंडलिककडे येत होता.

आधी मला वास आला. मग दिसली ती निळी ज्योत. ती जमिनीवरून टाकीकडे चालत निघाली होती. घाई न करता, घरच्यासारखी.

पुंडलिक मूर्तीसारखा बसलेला. शेषरावांनी वाळूचा डबा उचलून ज्योतीवर उपडा केला आणि त्यावर स्वतः पाय देऊन उभे राहिले. ज्योत टाकीपासून वीतभर अंतरावर विझली.

मग पुंडलिक एकदम रडायला लागला. शेषराव त्याच्या शेजारी बसले, पाठीवर हात ठेवला. "रडू नोको गा. मी बी भ्यालो. पाह्य, माये पाय अजून लटलट करून राहिले!"

त्या दिवसानंतर टाकी उतरवली की ती थेट रस्त्यापलीकडे जायची.

*

परतवाड्याचा एक जंगल कंत्राटदार होता. मेळघाटात सागाच्या कामावर मोटारसायकलने फिरायचा. त्याचा स्टड तुटून पाइप लोंबायला लागला होता, आणि गाडी अशी गरजायची की अर्धा बाजार रस्त्यावर यायचा.

शेषरावांनी पाना हातात घेतला, तर त्याने मनगटच धरलं. "थांबा बाप्पा! आवाज बंद होईन का?"

"होईन ना. त्याच्यासाठीच तं आनली ना गाडी?"

"गाडी बायकोनं पाठवली. घरची म्हैस बुजून राहिली म्हने." मग आवाज उतरवून म्हणाला, "मागच्या हप्त्यात घाटात वाघ आडवा बसला होता. म्या भीतीनं ॲक्सिलेटर पिळला. असा आवाज निघाला की वाघ उठून गेला! आता तुमी हे बंद केलं, तं मी काय हॉर्न वाजवू?"

शेषराव विचारात पडले. शेवटी कंत्राटदारानेच तोड काढली. "असं करा, घराकडं म्हशीपुरतं बंद करा, घाटात वाघापुरतं चालू राव्हू द्या!"

*

बेचाळीसच्या चळवळीचे दिवस. अकोल्याच्या एका अडत्याची गाडी आणायला मला पाठवलं होतं. पाइपचा एक स्टड तुटलेला, दुसरा ढिला. भर बाजारात दुसराही तुटला, पाइप रस्त्यावर खणखणला आणि इंजिनाने बार काढला. ठो! ठो!

दुकानांच्या फळ्या पटापट लागल्या. माणसं गल्ल्यांत पळाली. एका क्षणात रस्त्यावर मी एकटा, मुठीत उचललेला तुकडा, आणि समोरून लाठ्या घेतलेले शिपाई.

चौकीत फौजदार दरडावून म्हणाला, "मुठीत काय आहे?"

मी मूठ उघडली. तुटका स्टड. तो टेबलावर खणकन पडला.

"कोनावर गोळी झाडली?"

"साहेब, ही गोळी नाही, स्टड आहे. आवाज इंजिनाचा."

"इंजनाचा? मंग काढून दाखव!"

गाडी चौकीच्या दारात उभी केली. मी किक मारली. ठो!

मागे पाहिलं तर शिपाई भिंतीला चिकटलेले आणि फौजदार दिसेचना. टेबलाखालून आवाज आला, "जाय बे, जाय! पन ढकलत ने!"

अकोल्याच्या स्टेशनापर्यंत ढकलत नेली. तिथून बडनेऱ्यापर्यंत ती आणि मी मालडब्यात.

*

जवळच्या एका डॉक्टरांची साइडकारवाली गाडी आमच्याकडे होती. दोन्ही स्टड तुटलेले, काम सुरू व्हायचं होतं. दुपारी डॉक्टर बॅग घेऊन धावतच आले. मागे सायकलवर एक शेतकरी, रिद्धपूरकडच्या गावचा. घामाने निथळलेला. बायको सकाळपासून अडली होती. मूल आडवं आलं होतं.

"गाडी कशीही चालू करा," डॉक्टर म्हणाले. "बैलगाडीने पोचेपर्यंत मायलेकरू दोघंही जातील."

शेषरावांनी पाइपला तार गुंडाळली. तारेच्या दुसऱ्या टोकाला लाकडी मूठ बांधली. माझ्या मागे बसले आणि मूठ पोटाशी ओढून धरली. तार ताणलेली असेपर्यंत पाइप हेडला टेकलेला. सुटली, की उघड्या भोकातून आग. डॉक्टर साइडकारमध्ये, मी हँडलवर. शेतकरी सायकलवरून मागून येणार होता.

शहराबाहेर पडलो. समोरून कापसाच्या गाड्या. एकामागे एक, नजर जाईल तिथवर, बाजाराकडे निघालेल्या. चिंचोळा रस्ता. बैलांच्या शिंगांपर्यंत कापूस ओसंडलेला.

"दूर! दूर राव्हा!" गाडीवान ओरडत होते. "कापूस आहे! जाळता का?"

थांबावं तर ती बाई. जावं तर हा कापूस. डॉक्टरांनी डोळे मिटले. मी गाडी रस्त्याच्या कडेवरून घातली. खड्डा आला की तार ढिली व्हायची, माझ्या गुडघ्याशी ज्योत फडफडायची, आणि शेषराव मागे दात खाऊन मूठ ओढायचे. एका गाडीतून कापसाचा पुंजका उडाला, माझ्या विजारीवर बसला आणि काळा पडला. मी हाताने चिरडला. बोटं पोळली, ते नंतर कळलं.

गाव आलं. डॉक्टर उडी मारून आत गेले. मी हँडल सोडून भिंतीला टेकलो. शेषराव सीटवर तसेच बसून होते, मूठ पोटाशी. दाराकडे बघत राहिलो. आत कण्हणं, मग काहीच नाही. तो शेतकरी पोचला, सायकल टाकली आणि उंबऱ्याबाहेर उभा राहिला. आत जायची त्याची हिंमत होईना.

ऊन कलायला लागलं, तेव्हा मूल रडलं.

शेतकऱ्याच्या आईने बाहेर येऊन सांगितलं, "पोरगी झाली. सूनबाई बी बोलून राहिली." तो मटकन खाली बसला आणि मातीला डोकं लावलं.

डॉक्टर हात पुसत बाहेर आले. शेषराव अजून सीटवरच. मूठ गच्च धरलेली, मुठीवर बांधलेली तार तळव्यात रुतलेली, मनगटावर रक्त वाळलेलं. इंजिन केव्हाच गार झालं होतं. पेट्रोलच्या टाकीवर एक कोंबडी येऊन बसली होती.

डॉक्टर जवळ गेले, खांद्यावर हात ठेवून हळूच म्हणाले, "शेषराव, मुलगी सुखरूप आहे. आता तार सोडा."

शेषराव समोरच बघत ओरडले, "आधी इंजन बंद करा, डॉक्टर!"