देवाजीभाऊची पेज

मी तोंडाची फटकळ. गोंडपिपरीकडच्या एका गावात नर्स म्हणून अकरा वर्षं काढली. माझी बोलणी न खाल्लेला माणूस तिथं शोधावा लागेल. पण एकदा मी अशा माणसाला खोटारडा म्हणाले, जो जन्मात खोटं बोलला नव्हता. त्याची ही गोष्ट.

देवाजीभाऊ ढीवर. चाळिशीपर्यंत तलावात डोंगा हाकला, जाळं ओढलं. मग मच्छीमार सोसायटीचा सचिव झाला, लुना घेतली, आणि बसल्या बसल्या पाच-सहा वर्षांत पोट असं सुटलं की सदऱ्याच्या खालच्या गुंड्या लागेनात. गावाला कोण कौतुक! "भाऊ शेठ झाला," म्हणायचे. त्याची बायको गिरजाबाई तर ढेरी पाहून सुखावायची. पोट दिसलं की घरात बरकत आली असं समजणारी माणसं, करता काय!

त्याचा थोरला भाऊ मनसाराम, तोही असाच जाड. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी अंगणात तोंड धुता धुता पडला. उजवं अंग गेलं, बोलणंही गेलं. त्याला ना बायको, ना पोर. तेव्हापासून देवाजीच त्याला रोज सकाळी उचलून बाहेर न्यायचा, आंघोळ घालायचा, घास भरवायचा. गिरजाबाईच्यानं ते अंग हलायचंही नाही.

२००२ च्या जानेवारीत देवाजीभाऊ माझ्याकडे आला. "बाई, दादाले उचलतानी दम लागून राह्यला." बीपी पाहिला तर वरचा एकशे सत्तर! तालुक्याला डॉक्टरांकडे घेऊन गेले. रक्तात साखर वाढलेली, चरबी वाढलेली, पोटाचा घेर बेचाळीस इंच. डॉक्टर म्हणाले, "ही चार दुखणी वेगळी नाहीत. पोटाच्या चरबीपाशी सगळ्यांची सोयरीक आहे. एकमेकांच्या संगतीनं वाढतात आणि एक दिवस हृदयावर नाहीतर मेंदूवर घाला घालतात." गोळ्या दिल्या. वजन उतरवा, भात कमी करा, खारवलेली मासोळी बंद, रोज चाला, असं बजावलं.

बाहेर आल्यावर त्यानं मला एकच विचारलं, "मी बी पडलो तर दादाले कोन उचलन?"

मी गोळ्यांची पुडी त्याच्या हातात ठेवली. "आधी भात कमी करा," एवढंच म्हणाले.

एप्रिलात पुन्हा तपासलं. वजन तेवढंच, साखर तशीच.

"गोळ्या घेता?"

"घेतो न जी."

"आणि भात?"

"सकाळी बंद केला. संध्याकाळी मूठभर. दादाची शप्पथ!"

माझं डोकं सणकलं. "खोटारडे आहात तुम्ही! आजारी भावाची खोटी शपथ घेता, लाज नाही वाटत?" दहा माणसांदेखत बोलले. त्यानं मान खाली घातली आणि निघून गेला.

दुसऱ्या दिवशी पोलिओच्या कामानं त्याच्याच आळीत गेले. ऊन रणरणत होतं. गिरजाबाईनं हाक मारली, "या जी बाई, घोटभर पेज प्या." ओसरीवर देवाजीभाऊ तांब्याएवढा गडवा भरून पेज पीत होता. तांदळाची, चांगली घट्ट, वर मीठ. तो गडवा संपला, गिरजाबाईनं दुसरा भरला.

"दिवसातून किती गडवे होतात हो?"

"पाच-सहा," गिरजाबाई म्हणाली. "भात बंद केला न तुम्ही, म्हणून जास्तीची शिजवून राह्यली."

"अहो, हा भातच आहे की!"

"भात कुठचा जी? पेज काई जेवन थोडी असते! पाणी हाय ते. माणसाले आता पाणी बी नाई देऊ काय?" ती माझ्यावरच तणतणली.

मी फडकं मागितलं. एक गडवा पेज त्यातून गाळली. फडक्यात उरलेली शितं ताटलीत ठेवली, तर ताटली अर्धी भरली. "आता याला सहानं गुणा," म्हटलं. गिरजाबाईनं तोंडावर हात ठेवला. देवाजीभाऊनं हातातला गडवा खाली ठेवला.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माझी आईसुद्धा म्हणायची, "आज जेवले नाही, पेजेवरच आहे." इथलीच मी, पण चहा विचारला, साखर विचारली, भात विचारला, पेज विचारायचं डोक्यातच आलं नाही. काल ओरडले तशीच आळीत सगळ्यांदेखत माफी मागितली.

"जाऊ द्या जी," तो हसला. "मले बी कुठी माहीत होतं?"

मग पेज सकाळी एक वाटी, तीही पातळ. तहानेला माठाचं पाणी. ताटात तरोट्याची रानभाजी वाढली, मासोळीचा रस्सा थेंबभर तेलात. लुना अंगणात धूळ खात पडली आणि देवाजीभाऊ पायी तलावावर जाऊ लागला. पावसाळ्यानंतर जाळ्यालाही हात घातला. लोकांनी विचारलं, "शेठ वाळला, काऊन? रोग लागला का?" तो म्हणायचा, "लागला होता, आता उतरून राह्यला." मधे दिवाळीत दोन किलो परत चढले, तेव्हा मी पुन्हा तोंड सोडलं, पण या वेळी आधी नीट चौकशी करून.

पुढच्या जानेवारीत तालुक्याहून रिपोर्ट आले. नऊ किलो उतरले होते. पोट अडतीस इंच. बीपी गोळ्यांवर एकशे तीस, साखर जवळजवळ ठिकाणावर. वाचता वाचता माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

तो घाबरला. "बाई, रडून काऊन राह्यल्या? खराब हाय का?"

"नाही हो, चांगलं आहे. खूप चांगलं आहे. फक्त सोडू नका आता."

तो बाकावर बसला. दोन्ही हात मांडीवर उताणे ठेवून त्यांच्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, "मंग दादाले उचलाले मी आहो म्हणा की अजून."