जोलोफची खरवड

काल मी जोलोफ भाताच्या तळाला लागलेली खरवड साबणाच्या पाण्यात बुडवली. वरच्या मजल्यावर राहणारी घानाची विद्यार्थिनी, आमा, परीक्षेमुळे यंदाही घरी जाऊ शकली नव्हती. म्हणून तिच्याकडचा तो टोमॅटो-मिरचीचा लाल भात मी करायला घेतला आणि तो पातेल्याला खाली लागला. पाहुणीसमोर अब्रू जायला नको, म्हणून वरचा भात ताटात काढला, कोथिंबीर भुरभुरवली आणि पातेलं बेसिनमध्ये दडवलं.

आमा दारातच थबकली. "काका, अगदी घरचा वास! खालचं कुठंय? आई ते माझ्यासाठी राखून ठेवते."

मी बेसिनकडे बोट दाखवलं. फेसात लाल शितं फुगून तरंगत होती. लहानपणी दुधाच्या पातेल्यातली खरवड मिळावी म्हणून बहिणीच्या झिंज्या उपटणारा मी! दुसऱ्या कुणाच्या आईच्या पातेल्यातही असंच काही असेल, हे मला सुचू नये?

"असू दे, काका," म्हणत आमा जेवायला बसली.

बायको मात्र म्हणाली, "एरवी करपलेलं आम्हाला बिनदिक्कत वाढता. आजच बरी लाज वाटली!"