गंधक धुणाऱ्या बाया यवतमाळला जातात

दिग्रसहून यवतमाळला जायचं तर सकाळचीच एसटी धरा, हे मी आजही सांगते. उन्हाच्या आत पोचता. साठ सालानंतरच्या एका मे महिन्यात सासू आणि मी तीच धरली होती, कोणी बोलावलेलं नसताना.

आदल्या वर्षी यवतमाळच्या सरकारी फार्मवरच्या शिबिरातून गावची माणसं गंधक घेऊन आली, काणी रोग पडू नये म्हणून ज्वारीच्या बियाण्याला चोळून मोकळी झाली. बायांना सांगितलं कोणी? बियाणं राखायचं काम आमचं. पेरणीआधी त्यावर पिवळी भुकटी दिसली, घाण वाटली, म्हणून आम्ही धुऊन-वाळवून दिलं. कणसांत दाण्याऐवजी काणीची काळी भुकटी भरली. ग्रामसेवक भडकले, "तुमचं गाव सुधरतच नाही. यंदा काणी दिसली तर सरकारी मदतीच्या यादीतून नाव कापतो!"

"काहून सुधरत नाही? शिकवता माणसाइले, बियाणं राखतो आमी!" आत्याबाई म्हणाल्या आणि यंदाच्या शिबिराला स्वतःच निघाल्या. सासूला मी आत्याबाईच म्हणे. बौद्ध धम्माची दीक्षा घेतल्यापासून त्यांनी कोणापुढे मान खाली घातली नव्हती.

दारव्ह्याला गाडी फार वेळ थांबते आणि चहा अगदीच पाणचट, तेव्हा भाकर-ठेचा सोबत न्या. आमचा तिथेच संपला.

फार्मच्या फाटकावर चपराशी आडवा आला. "बाई, शिबिर शेतकऱ्यायचं हाय."

"मंग आमी कोन? जत्रेले आलो काय?" म्हणत आत्याबाई आत शिरल्या. मी त्यांच्या पदराआडून आत गेले, खोटं कशाला बोलू!

मंडपात शेती खात्याचे साहेब विचारत होते, पेरणीआधी बियाण्याचं काय करता? माणसं एकमेकांना पुढे ढकलू लागली.

"धुतो," आत्याबाई मागून म्हणाल्या. "तुमचं गंधक मीच धुतलं."

मंडप खदखदून हसला. साहेब मात्र हसले नाहीत. "हे आम्हाला कोणी सांगितलं नाही."

"तुमी इचारलं कोनाले?"

साहेबांनी आम्हाला पुढे बसवलं. मडक्यात बी, वर गंधक, तोंडाला फडकं बांधून घुसळायचं. नाक चुरचुरलं, दंड भरून आले. गावात परतल्यावर तेच मडकं घरोघर फिरलं.

सुगीला कणसं मोत्यासारखी निघाली. ग्रामसेवक यादीचं रजिस्टर घेऊन आले आणि सासऱ्यांना म्हणाले, "शेतकऱ्याचं नाव सांगा."

"मले काय इचारता? तिले इचारा." सासऱ्यांनी आत्याबाईंकडे बोट दाखवलं.

तो फार्म आता ओळखू येत नाही, रस्ता गुळगुळीत झालाय. मला मात्र त्या प्रवासातलं आत्याबाईंचं फाटकातून आत शिरणं आठवतं. रजिस्टरच्या दिवशीही त्या तशाच पुढे झाल्या, स्वतःचं नाव सांगितलं, ग्रामसेवकांनी लिहिताच रजिस्टर ओढलं आणि माझ्यापुढे धरलं. "मले वाचता येत नाही. बरोबर लिवलं का, तू पाय."

मी मोठ्यानं वाचलं, "भागाबाई. शेतकरी."